स्वतःपर्यंत पोचलेली चौकशी

टिपणीसकाका गेल्याचं मला आमच्या, सौदीतल्या खोबर शहरातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. त्याच्या आधीचा मेसेज मोदकाच्या पिठाबद्दल होता. दम्माममध्ये चांगलं पीठ कुठे मिळेल असं कुणीतरी विचारलं होतं, तिघींनी उत्तरं दिली होती, आणि त्याखाली एकदम काकांचा जुना फोटो आणि नाशिकहून त्यांच्या बहिणीने कळवलेल्या दोन ओळी. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. मग हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मी ऑफिसात होते. मी त्या रांगेत शिरले नाही. संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा सोफ्यावर फोन हातात धरून बसले होते, टीव्ही बंद होता. आईने मला डोळ्यांनीच खुणावलं, काही बोलू नकोस. ते अवघड गेलं नाही. आमच्या घरात गेले आठ महिने त्या माणसाचं नाव कुणी घेतलेलं नव्हतं.

काका आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहायचे. जुबेलच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात ते वरिष्ठ इंजिनियर होते आणि बाबा वर्षानुवर्षं त्यांच्या हाताखाली. पहाटे दोघं एकाच गाडीने निघायचे. बाबा त्यांना सर म्हणायचे, मी काका म्हणायचे, आणि लहानपणी मला त्यांची भीती वाटायची, कारण ते मोठ्यांशी बोलावं तसं मुलांशी बोलायचे आणि उत्तराची वाट बघायचे. मी तशी कमी बोलणारी. आमच्या शाळेत सगळं इंग्रजीत, वर्गाबाहेर हिंदी, आणि मराठी फक्त आईच्या हाकांपुरती. मला मराठीत प्रश्न विचारला की मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. आईबाबांनी ते चालवून घेतलं होतं. काकांनी घेतलं नाही. ‘मराठीत सांग,’ एवढंच म्हणायचे आणि थांबायचे. कितीही वेळ थांबायचे.

अकरावीत आमच्या शाळेने आंतरशालेय स्पर्धेसाठी एक ग्रीक शोकांतिका बसवायला घेतली आणि आईने परस्पर काकांना सांगून टाकलं की हिला त्यातलं काही कळत नाही. काकांकडे त्या नाटकांचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ होता. कॉलेजात असताना ड्रॉइंगच्या कागदांवर वजन ठेवायला म्हणून त्यांनी तो फूटपाथवरून घेतला होता, आणि एका सुट्टीत दुसरं काही हाताशी नाही म्हणून उघडला होता. तेव्हापासून तो त्यांच्यासोबत फिरत होता. मग शुक्रवारी दुपारी, दुकानं बंद आणि रस्ते रिकामे असताना, मी वर जायला लागले. काकू कैरीचं पन्हं आणून ठेवायच्या आणि आत जाऊन झोपायच्या.

‘सांग, यात वाईट माणूस कोण?’ काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

‘द किंग, आय थिंक.’

‘मराठीत.’

‘राजा.’

‘का?’

‘तो कुणाचं ऐकत नाही.’

‘तू ऐकतेस?’ मी पन्ह्याचा पेला उचलला. ‘आईला विचारू का?’

त्यांचं म्हणणं असं की या नाटकांत खलनायक शोधायला जाऊ नये, सापडत नाही. आपल्याला सवय असते की चांगला माणूस एका बाजूला, वाईट दुसऱ्या बाजूला आणि मग मारामारी. इथे माणूस एकच असतो. तो शहाणा असतो, कर्तबगार असतो, लोक त्याच्याकडे आशेने बघत असतात. आणि ज्या गुणामुळे तो मोठा झाला तोच गुण त्याला हाताला धरून खाली नेतो. अपराधी शोधून काढीन म्हणून भर सभेत शब्द देणारा राजा शोध घेत घेत स्वतःच्याच दारात येऊन उभा राहतो. मधे दहादा त्याला सांगणारे भेटतात, थांब, पुढे विचारू नकोस. पण न थांबणं हाच तर त्याचा स्वभाव. ‘आणि मजा अशी,’ काका म्हणायचे, ‘की आपण कोण आहोत हे त्याला पडल्यावरच कळतं. उभा होता तोवर कळत नव्हतं. आपलं पडणं आणि आपली ओळख होणं, दोन्ही एकाच मिनिटाला.’ ‘मजा’ हा शब्द ते फार विचित्र ठिकाणी वापरायचे.

मला कोरस आवडायचा. नाटकात कडेला उभे राहून सगळं बघणारे गावकरी. त्यांना बरंच काही माहीत असतं, ते हळहळतात, सावध राहा म्हणतात आणि कुणाच्याही आड येत नाहीत. मी तसं बोलून दाखवल्यावर काका हसले. ‘शोभशील तू कोरसमध्ये. सगळं बघायचं, दोन पावलं मागे सरकायचं आणि सुखरूप म्हातारं व्हायचं.’ पुढे कित्येक वर्षं ते मला कोरस अशीच हाक मारायचे. मला ते लाडाचं वाटायचं.

त्यांनी ते नाटक बघितलं मात्र नाही. तेव्हा मुलींच्या विभागातल्या कार्यक्रमाला पुरुषांना यायला परवानगी नव्हती. कापसाच्या दाढ्या लावून सगळ्या भूमिका मुलीच करत होत्या आणि प्रेक्षकांत फक्त बायका. काका आणि बाबा बाहेर पार्किंगमध्ये गाडीत एसी लावून दोन तास बसले. सुटल्यावर काका काकूंना विचारत होते, शेवटच्या प्रवेशात लोक शांत होते का, राजा बाहेर आला तेव्हा काय झालं. काकू म्हणाल्या, ‘मुली गोड दिसत होत्या हो. राजा जरा बुटका वाटला.’ काका खोबर येईपर्यंत हसत होते. मी कोरसमध्ये डावीकडून तिसरी होते, हे काकूंनी त्यांना सांगितलं की नाही कोण जाणे.

मी पुण्यात शिकत असताना काकू गेल्या. मी परत आले तेव्हा वरचं घर तसंच होतं, फक्त सगळं एकाच खोलीत आलं होतं. जेवणाच्या टेबलावरच औषधं, लॅपटॉप, मिठाची बाटली, कागद. काका दोन दिवसांची खिचडी एकदम करायचे. बोलवलं तर जेवायला यायचे, न बोलवता कधी नाही. तेव्हा मला नोकरी नव्हती, मी बाबांच्या इकाम्यावर, म्हणजे त्यांच्या राहण्याच्या परवान्यावर होते, धाकटा भाऊ शिकत होता. कधीकधी आई मला डबा देऊन वर पाठवायची. काका दार उघडून ‘ये कोरस’ म्हणायचे आणि मग आम्ही दोघं काही न बोलता बसायचो. दोन न बोलणारी माणसं एका खोलीत बसली की एकटेपण निम्मं होत नाही, हे मला तिथे कळलं. ते फक्त दोघांना दिसायला लागतं.

मग कारखान्यात तो अपघात झाला. एका टाकीतली पातळी वाढत गेली आणि उकळतं पाणी बाहेर पडलं. खाली काम करणारा एक कंत्राटी फिटर दोन्ही पायांना भाजला. महिनाभर दवाखान्यात होता, मग काठी घेऊन गावी परत गेला. पातळी वाढली की कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजायला हवा होता. त्या पाळीचा ऑपरेटर जोसेफ, केरळचा, कारखान्यात वीस वर्षं काढलेला, दोन मुलींचा बाप, सांगत होता की अलार्म वाजलाच नाही. वरचे साहेब म्हणत होते की वाजला असणार, यानेच बंद केला आणि बघितलं नाही. जोसेफला घरी बसवलं. चौकशी काकांकडे आली. अशा चौकशा तेच करायचे, त्यांचं त्यात नाव होतं. कुणीतरी वरच्या अधिकाऱ्याने त्यांना सुचवलंही की ऑपरेटरची चूक लिहा, खलास.

काकांची चौकशीची एक रीत होती. इंग्रजी अहवाल लिहिण्याआधी ते कोऱ्या कागदावर मराठीत लिहायचे. काय झालं ते वर, आणि त्याच्या खाली ‘का?’ उत्तर आलं की त्याच्या खाली पुन्हा ‘का?’ जिथे उत्तर म्हणून माणसाचं नाव येईल तिथे थांबायचं नाही, त्या माणसाने तसं का केलं हे विचारायचं. मी एकदा विचारलं होतं, मराठीत कशाला. म्हणाले, ‘इंग्रजीत मला छान खोटं लिहिता येतं. चुका होत्या असं लिहिता येतं. मराठीत लगेच विचारावंसं वाटतं, कुणाच्या?’

एका शुक्रवारी ते न बोलवता आमच्याकडे आले. आईने पानं घेतली होती, ते बसले नाहीत. बाबांना घेऊन बाल्कनीत गेले. मी स्वयंपाकघरात होते आणि मधली खिडकी उघडी होती.

‘अविनाश, तो अलार्म बंदच होता. सात वर्षं.’

बाबा दोरीवरचे चिमटे सरकवत राहिले.

‘उगाचच वाजायचा, आठवतं? सारखा. ऑपरेटर वैतागले होते. नवीन उपकरण बसेपर्यंत तात्पुरता बंद ठेवावा असा अर्ज आला होता. पहिल्या पानावर विनंती आहे ती तुझी. दुसऱ्या पानावर मंजुरीची सही माझी.’

‘सर, तात्पुरता होता तो.’

‘हो. आपणही दोन वर्षांसाठी आलो होतो इथे.’

नवीन उपकरण कधी आलंच नाही, कुणी विचारलं नाही, आणि बंद अलार्म शांत असतो त्यामुळे त्याची आठवणही कुणाला झाली नाही. जोसेफ त्या विभागात आला त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. हे खरं लिहिलं तर जोसेफ सुटणार होता. आणि हे खरं लिहिलं तर बाबांची नोकरी जाणार, बाबांचा इकामा गेला की आम्हा सगळ्यांचा जाणार, भावाची बारावीची परीक्षा चार महिन्यांवर आलेली. आई त्या दिवशी जेवली नाही. मी मोजून मापून राहणारी मुलगी, मी कधी कुणाकडे काही मागितलेलं नव्हतं. तीन दिवसांनी, दुपारी, भरताचा डबा घेऊन वर गेले.

काका टेबलाशी बसले होते. पुढे तो कागद होता. ‘का?’ एकाखाली एक, जिन्यासारखे, आणि सगळ्यात खाली त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी डबा हातात धरूनच म्हणाले, ‘काका, प्लीज डोन्ट पुट बाबाज नेम.’

‘मराठीत सांग,’ काका म्हणाले.

आणि थांबले. मला वाक्य येत होतं. साधं वाक्य होतं, चार शब्दांचं. ते मला मराठीत म्हणता आलं नाही. जोसेफच्या मुली माझ्याच शाळेत होत्या, मी त्यांना बसमध्ये बघितलं होतं, आणि मला मराठीत ते म्हणता आलं नाही… किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी काकांनीच उठून माझ्या हातून डबा घेतला. ‘भांडं धुऊन देतो, थांब,’ म्हणाले.

अहवालात एकच नाव गेलं. अर्जाचं फक्त दुसरं पान जोडलेलं होतं. मंजुरी देणाऱ्याने वाचून, पाठपुरावा करून मंजुरी द्यायची असते, ते माझं काम होतं, असं त्यांनी लिहिलं. जोसेफ कामावर परत आला. काकांना आधी चौकशांवरून काढलं, मग रोजच्या कामातून बाजूला केलं, आणि मग करार वाढवला नाही. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. आमचे मराठी लोक म्हणाले, काय गरज होती. म्हणाले, याला कुणी विचारलं होतं, स्वतःच खड्डा खणला. ते वाईट बोलत नव्हते, हळहळत होते. नाटकातल्यासारखंच. बाबा तेव्हापासून एकटे गाडी घेऊन जायला लागले, आणि वरचं दार वाजलं की आपलं दार उघडण्याआधी थांबायला लागले. काकांनी बाबांचं नाव का लिहिलं नाही, माझ्यामुळे का, हे मी कधी विचारलं नाही. ते खरं बोलले आणि अर्धं बोलले. त्यांच्यासारख्या माणसाला ते अर्धं किती जड गेलं असेल, ते मी आता कुठे मोजायला लागले आहे.

शेवटचे ते मला लिफ्टमध्ये भेटले. पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, कायमचं देश सोडण्याचा शिक्का बसला होता, आठवडा राहिला होता. हातात रिकामी खोकी होती.

‘काय कोरस.’

‘बरी आहे,’ मी म्हणाले. त्यांनी विचारलंही नव्हतं.

‘लोक मला विचारतात पश्चात्ताप होतो का. मला आयुष्यभर वाटायचं, मी फार काळजीपूर्वक काम करणारा माणूस आहे. तसा मी नव्हतो गं. न वाचता सही करणारा होतो. उशिरा भेट झाली आमची.’ ते थोडं हसले. ‘पण झाली. बऱ्याच जणांची होत नाही.’

आमचा मजला आला. मला म्हणायचं होतं की त्या नाटकांबद्दल तुम्ही एक सांगितलं नव्हतं… पडल्यानंतर राजा जातो कुठे, जेवतो काय, संध्याकाळी कुणाशी बोलतो. मी ‘येते काका’ म्हणाले आणि बाहेर पडले. त्यांना विमानतळावर कंपनीचा ड्रायव्हर घेऊन गेला. बाबांची त्या दिवशी ड्युटी होती, असं बाबा म्हणाले.

काका वारल्याच्या तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी दुपारनंतर, ग्रुपमधल्या नेनेकाकूंच्या घरी आम्ही सगळे जमलो. वीसेक माणसं, सोफ्यावर, गाद्यांवर, काही दाराशी उभी. जोसेफ आला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. एकेक जण आठवणी सांगत होता, ते किती हुशार, किती शिस्तीचे. कुणीच शेवटाबद्दल बोलत नव्हतं. मग बाबा उठले. बाबा कधी चार लोकांत बोलत नाहीत, मी त्यांच्यावरच गेले आहे. ते हिंदीत बोलले, जोसेफला कळावं म्हणून. म्हणाले, वो फॉर्म पे साइन सर का था, लेकिन अर्जी मेरी थी. पहला पन्ना मेरा था. सर ने नहीं लगाया, और मैं चुप रहा. एवढंच बोलून बाबा उभेच राहिले, बसायचं विसरल्यासारखे. आत कुकरची शिट्टी झाली. मग नेनेकाकू म्हणाल्या, ‘चहा आणते हं,’ आणि आणला नाही, तिथेच बसून राहिल्या.

जोसेफ बाबांच्या जवळ आला. ‘मालूम था साब,’ तो म्हणाला. ‘वो पन्ने का कॉपी हमारा कंट्रोल रूम का फाइल में है. मैं सर को बोला था. सर बोला, रहने दो. तो मैं रहने दिया.’ त्याच्या आवाजात राग नव्हता आणि माफीही नव्हती. तो चहा न घेता गेला, त्याची पाळी होती.

बाबांनी हे सगळं नंतर ऑफिसात लेखी दिलं आहे, आणि मी इथे लिहिते आहे तेही त्यांना सांगून. ऑफिसचं उत्तर अजून आलेलं नाही. आईने माळ्यावरच्या बॅगा खाली काढून पुसून ठेवल्या आहेत. भावाची परीक्षा केव्हाच झाली, तो पुण्याला गेला. आता माझं सांगायचं राहिलं आहे.

नेनेकाकूंकडून निघून आम्ही गाडीत बसलो. आई त्यांना मदत करायला मागे थांबली होती. बाबांनी गाडी सुरू केली पण काढली नाही. मी समोर बघत मराठीत म्हणाले, ‘बाबा, मी तेव्हा काकांकडे गेले होते. तुमचं नाव लिहू नका म्हणून सांगायला.’

बाबांनी सुरू केलेली गाडी बंद केली. मग विचारलं, ‘कधी?’

‘सोमवारी. तुम्ही कामावर होतात.’

‘मी रविवारी गेलो होतो,’ बाबा म्हणाले. ‘तेच सांगायला. सर बरं म्हणाले.’

म्हणजे मी डबा घेऊन दारात उभी होते तेव्हा काकांनी ते आधीच कबूल केलेलं होतं. ते मला तसं सांगू शकले असते. पण मग माझे बाबा काय मागायला आले होते, तेही मला कळलं असतं. म्हणून त्यांनी मला ते इंग्रजीत मागू दिलं, आणि तरीही ते मराठीची वाट बघत थांबले.

आम्ही घरी आलो. लिफ्टमध्ये बाबांनी आमच्या मजल्याचं बटण दाबलं नाही, वरचं दाबलं. काकांच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं, बहुतेक सुदानचं. दारावर पाटी काढल्याची दोन छिद्रं होती, आतून टीव्हीवरच्या अरबी बातम्या ऐकू येत होत्या आणि एक लहान मूल पळत होतं. आम्ही बेल वाजवणार नव्हतो. नुसतेच उभे होतो. मग बाबा खाली वाकले आणि त्यांनी एका हाताने भिंतीचा आधार घेत, काकांकडे येताना काढायचे तशा पायातल्या चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या, आणि अनवाणी सरळ उभे राहिले. आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मी त्यांना सांगितलं नाही.